दोनशे चौदाव्या भागातलं दार

उसवणकाकूच्या दुकानावरच्या पाटीवर तिचं नाव नव्हतं. पाटीवर होतं 'कपडे दुरुस्त करून मिळतील', आणि खाली बारीक अक्षरात 'नवे शिवून मिळणार नाहीत'. नवं काय, कुणीही शिवतं, असं तिचं म्हणणं. खरी अक्कल लागते ती दुसऱ्यानं बिघडवलेलं निस्तरायला. तुम्ही पँट नेऊन द्या आणि कंबर दोन बोटं सैल आहे म्हणा. दुसरा शिंपी मागून जरा कापड दाबून टीप मारून देईल, की झालं. काकू पँट उलटी करून खिडकीपाशी धरायची, चष्मा कपाळावर चढवायची आणि पहिला टाका कुठे चुकलाय ते शोधायची. मग तिथपर्यंत सगळं उसवायची. आठ दिवसांनी गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर पँटचे चार तुकडे पडलेले असत. "कंबर ठीक आहे तुमची," काकू सांगायची, "गुडघ्यापाशी चुकलंय." गिऱ्हाईक खाली वाकून स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत राहायचं. पण पुढच्या आठवड्यात पँट अंगाला अशी बसायची की माणूस तीच घालून फोटो काढायला जाई. उसवणकाकू हे नाव तिला गल्लीनं दिलं होतं, आणि तिनं ते मुकाट्यानं घेतलं होतं.

दुकानात दोन मशिनं, एक इस्त्रीचं टेबल आणि रिळांच्या फळीवर एक छोटा टीव्ही. संध्याकाळी पावणेआठला काकू मशीन थांबवायची आणि तिची मंडळी जमायची. मंडळी म्हणजे तिघं. एक निवृत्त मोजणीदार, ज्यांनी आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या आणि आता दिसेल ते मोजतात. दुसरा कोपऱ्यावरचा औषधवाला, जो दुकान पाऊण तास बंद ठेवायचा आणि तेवढ्या वेळात कुणी आजारी पडू नये अशी अपेक्षा करायचा. आणि तिसऱ्या शाळेच्या बाई. त्या बसायच्याही अशा, की समोर वर्ग भरलाय. आठ वाजले की सगळे गप्प. आठ वाजता 'सात पायऱ्यांचं घर' लागायचं. एकोणीस वर्षं लागत होतं.

आता ताईबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. ताई म्हणजे काकूची सख्खी मोठी बहीण. राहायची बसनं चौथ्या थांब्यावर. त्यांचे बाबा ताईकडेच असत आणि काकू दर रविवारी त्यांना भेटायला जायची. वीस वर्षांपूर्वीच्या एका रविवारी सकाळी ताईचा फोन आला, "आज येऊ नकोस, आम्ही सगळे बाहेर चाललोय." काकू गेली नाही. त्या आठवड्यात तिनं कुणाच्या तरी सात कोटांच्या बाह्या आखूड केल्या. आठवडा संपता संपता निरोप आला, तो बाबा गेल्याचा. नऊ दिवस आजारी होते, आणि त्या रविवारी घरातलं कुणी कुठेही गेलेलं नव्हतं. काकू दारातच ताईला नको नको ते बोलली. ताईनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, पण असं का केलं ते सांगितलं नाही. पुढे वर्षभर दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नाही.

मग एके संध्याकाळी सव्वाआठला दुकानातला फोन वाजला.

"मी बोलतेय," ताई म्हणाली. "आमच्याकडे लाइट गेली. दार उघडलं का?"

तो मालिकेचा दोनशे चौदावा भाग होता. घरातले दादासाहेब मरणाला टेकले होते. त्यांनी थोरल्या मुलीला, म्हणजे मोठ्या बाईसाहेबांना, आत बोलावून दार लावून घेतलं होतं आणि धाकट्या बाईसाहेब बाहेरून दार ठोठावत होत्या. अशी दारं सगळ्याच मालिकांत असतात, त्यात नवल काही नाही. पण ताईकडची लाइट नेमकी तेव्हा गेली.

"नाही," काकू म्हणाली. "उद्या उघडेल."

"बरं," म्हणून ताईनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं, तेव्हा दादासाहेब गेलेले होते. मोठ्या बाईसाहेब कोरड्या डोळ्यांनी बाहेर आल्या. आत दादासाहेब काय बोलले, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, कारण त्याच आठवड्यात मालिकेचा लेखक बदलला आणि नव्याला ते ठाऊकच नव्हतं. ताईचा मात्र दुसऱ्या दिवशी साडेआठला पुन्हा फोन आला. तिसऱ्या दिवशीही आला. त्या दिवसापासून रोज साडेआठला सात मिनिटं दोघी बोलत. बोलत ते फक्त मालिकेबद्दल. असा नियम कुणी केला नव्हता, पण एकोणीस वर्षांत दोघींपैकी एकीनंही तो मोडला नाही.

आता एवढ्या वर्षांत आयुष्य काय थांबून राहतं? एकदा ताई म्हणाली, "पुढचे आठ दिवस मला बघायला जमणार नाही. तू सगळं नीट सांगत जा." काकूनं का म्हणून विचारलं नाही. ताईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झाल्याचं तिला औषधवाल्याकडून कळलं. त्या आठ दिवसांत तिनं प्रत्येक भाग दुप्पट लांबवून सांगितला, नव्हते तेही प्रसंग घातले आणि दुष्ट माणसांना अंमळ कमी दुष्ट केलं. काकूला नातू झाला त्या दिवशी ती फोनवर म्हणाली, "आज माझी मधली पाच मिनिटं हुकली. घरात गडबड होती."

"चांगली गडबड ना?" ताईनं विचारलं.

"चांगली."

"बरं. मग धाकट्या बाईसाहेब काय म्हणाल्या?"

तर अशी ती मालिका. पण एकोणीस वर्षं पीठ मळत राहिलं तर त्याची पोळी होत नाही, खळ होते. मोठ्या बाईसाहेबांची नटी तीनदा बदलली आणि तिसरी तर आपल्या मुलीहून लहान दिसायला लागली. नायक चार वेळा मेला. पाचव्यांदा मेला तेव्हा घरातल्यांनी जेवणसुद्धा थांबवलं नाही. हल्ली दोन महिने सगळं कुटुंब लिफ्टमध्ये अडकलं होतं. मोजणीदारांची त्यामुळे झोप उडाली होती. "घर एकमजली आहे हो," ते कळवळून म्हणायचे, "ही लिफ्ट जाते कुठे?"

आणि मग एका सोमवारी भाग संपल्यावर पडद्यावर अक्षरं आली. मालिका सुधारण्यासाठी जुन्या प्रेक्षकांनी सूचना पाठवाव्यात, एका प्रेक्षकाची एकच सूचना घेतली जाईल, आणि मालिका सुधारली नाही तर ती आपला निरोप घेईल. काकूनं उठून टीव्ही बंद केला. मालिका गेली तर गेली, तिचं काय एवढं! पण मालिका गेली की साडेआठचा फोन गेला, आणि फोन गेला की ताई गेली. चौथ्या थांब्यावर जिवंत असून गेली. हे तिनं मंडळींना सांगितलं नाही. "उद्या सगळ्यांनी विचार करून या," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मोजणीदार कपड्यात गुंडाळलेली एक सुरळी घेऊन आले. त्यांनी ती इस्त्रीच्या टेबलावर पसरली. एकोणीस वर्षं टीव्हीत बघून काढलेला त्या घराचा नकाशा होता.

"पाहा," ते म्हणाले. "नाव सात पायऱ्यांचं घर, पायऱ्या अकरा. ते मी सोडून देतो. पण या घराला मोरी नाही! एकोणीस वर्षांत इथे एकाही माणसानं अंघोळ केलेली नाही. माणसं भांडतील नाही तर काय करतील?"

"मोरीनं काही होत नाही," औषधवाला म्हणाला. "नायकाला रक्तदाबाची गोळी चालू करा. रोज सकाळी एक. अर्धी कथा तिथेच मिटेल."

"मग बघायचं काय?" बाईंनी विचारलं.

"निरोगी माणूस. आपण पाहिलाय का कधी?"

बाईंची सूचना सोपी होती. घरातल्या सगळ्यांची लेखी परीक्षा घ्यायची. मी कोण, माझे वडील कोण, मी आत्तापर्यंत किती वेळा मेलो. नापास होईल त्याला मालिकेतून काढायचं. मोजणीदारांनी विचारलं, परीक्षा घ्यायची कुठे, लिफ्टमध्ये? त्यावर बाई संतापल्या आणि त्यांनी मोजणीदारांना उभं राहायला सांगितलं. आणि गंमत म्हणजे ते उभे राहिले.

 या गदारोळात काकूनं कात्री खाली ठेवली. "तुम्ही सगळे वरवर टीप मारताय," ती म्हणाली. "बिघाड लिफ्टमध्ये नाही आणि मोरीतही नाही. पहिला टाका दोनशे चौदाव्या भागात चुकलाय. दादासाहेब दाराआड काय म्हणाले ते सांगितलंच नाही. त्यानंतरचं सगळं त्या चुकलेल्या टाक्यावर शिवलंय. ते दाखवा म्हणावं, बाकीचं आपोआप बसेल." आपण हे कुणाबद्दल बोलतोय, ते तिला नीट कळत होतं. मालिकेचा आडोसा होता म्हणून तर बोलता येत होतं.

काकूच्या सुनेनं मोबाइलवर चौघांच्या सूचना लिहून घेतल्या. काकूची तेवढी पाठवायची ठेवली. आधी ताईच्या कानावर घालायची होती.

साडेआठला फोन आला. काकूनं आपली सूचना सांगितली.

"ते नको," ताई म्हणाली.

"का?"

"इतक्या वर्षांनी काय करायचंय ते? मोठ्या बाईसाहेबांनी एवढी वर्षं पोटात ठेवलं, ते काही कारण असल्याशिवाय नाही."

"पोटात ठेवलं म्हणूनच घराचा विचका झाला."

"बघणाऱ्यांना वाईट वाटेल गं."

"बघणाऱ्यांचं राहू दे. धाकटीला वाईट वाटायचा हक्क आहे की नाही? इतकी वर्षं दार ठोठावतेय ती."

ताईनं फोन ठेवला. जेमतेम तीन मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी साडेआठला फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. काकू भेदरली, अगदी मनापासून भेदरली. असलेलं राखायचं की नसलेलं मागायचं? न पाठवावी सूचना, गप्प बसावं, ताई येईल परत आपल्या सात मिनिटांवर. चार दिवस हे दळण दळून तिनं एका सरळ पँटची बाजू तीनदा उसवली. पाचव्या दिवशी सुनेनं विचारलं, "आई, मुदत आज संपतेय. पाठवू की खोडू?"

"पाठव," काकू म्हणाली, आणि लगेच मशीन इतक्या जोरात चालवलं की दोरा तुटला.

चॅनेलकडे एकूण सहा सूचना आल्या. हे नंतर पेपरात छापून आलं. एकोणीस वर्षांच्या मालिकेला सहा, आणि त्यातल्या चार या एका दुकानातल्या. पाचवीत कुणी तरी फक्त 'बंद करा' असं लिहिलं होतं, आणि सहाव्या माणसानं आपला टीव्ही दुरुस्त करणारा कुणी माहीत आहे का, असं विचारलं होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मालिकावाल्यांनी सहाच्या सहा काड्या पकडल्या. बंद करायची तारीख जाहीर झाली, लिफ्टमध्ये एक टीव्ही दुरुस्त करणारा माणूस आला, आणि उरलेल्या बारा भागांत बाकीचं सगळं कोंबलं गेलं.

आधी मोरी झाली. लिफ्टचं दार उघडलं ते थेट मोरीत. एकोणीस वर्षांनी घरातली त्रेचाळीस माणसं टॉवेल घेऊन रांगेत उभी राहिली. रांगेवरून तीन भाग चालले. मोजणीदारांनी नकाशात मोरी लाल पेन्सिलनं काढली आणि खाली सही केली. मग नायकानं गोळी घेतली. घेतल्याबरोबर तो शत्रूच्या गळ्यात पडला, त्याची माफी मागितली आणि झोपला. पुढचे तीन भाग तो झोपलेलाच होता, मागे बासरी. औषधवाल्यानं डोळे पुसले. "असा पेशंट बघायला नशीब लागतं," म्हणाला. परीक्षेत सगळे नापास झाले. मोठ्या बाईसाहेबांनी तर वडिलांच्या नावापुढे 'आठवत नाही' असं लिहिलं. बाईंनी घरबसल्या सगळ्यांना मार्क दिले आणि पडद्यावरच्या मार्कांपेक्षा दोन-दोन कमीच दिले.

हे सगळं चालू असताना मंडळी खूश होती. एकोणीस वर्षांत प्रथमच कुणी तरी त्यांचं ऐकत होतं. काकूचा जीव मात्र टीव्हीत नव्हता. रोज साडेआठ ते नऊ ती मशीन बंद ठेवून फोनसमोर बसायची आणि फोन मूग गिळून बसायचा. सोळा दिवस झाले. ताईकडे टीव्ही चालू असेल का? ती एकटीच बघत असेल? की तिनं बघायचंच सोडलं? चौथा थांबा. बसनं बारा मिनिटं. उठून जावं, तर तिथल्या दारात आपणच काय काय बोललो होतो ते आठवायचं आणि पाय उचलायचा नाही.

शेवटचा भाग आला. जुनं दार पुन्हा उभं केलं होतं. दादासाहेबांचं काम करायला मूळचेच नट आणले होते. ते आता इतके म्हातारे झाले होते की मरणारा माणूस त्यांना पूर्वीपेक्षा कितीतरी चांगला जमला. मोठ्या बाईसाहेब आत आल्या. दार लागलं. बाहेर धाकट्या बाईसाहेब दार ठोठावायला लागल्या. दुकानात कुणी श्वास घेत नव्हतं. दादासाहेबांनी बोटानं जवळ बोलावलं, मोठ्या बाईसाहेबांनी कान त्यांच्या तोंडाशी नेला, म्हाताऱ्याचे ओठ हलले, आणि आभाळ गडगडलं. एकदा नव्हे, तीन वेळा, तीन बाजूंनी दाखवून. ओठ हलत होते आणि ढग गडगडत होते. ढग शांत झाले तेव्हा दादासाहेबही शांत झाले होते. मग सगळ्यांनी हात जोडले आणि मालिका संपली.

"हा काय प्रकार?" बाई ओरडल्या.

"खिडकीत ऊन होतं," मोजणीदार हताश होऊन म्हणाले. "मी पाहिलं. लख्ख ऊन."

काकू उठली. फोनपाशी गेली. एकोणीस वर्षांत फोन नेहमी ताईनं केला होता. नंबर काकूला तोंडपाठ होता, पण तिनं तो एकदाही फिरवला नव्हता. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत पलीकडून उचलला गेला.

"पाहिलंस?" काकूनं विचारलं.

"पाहिलं."

"ऐकू आलं काही?"

"नाही. गडगडाट केला मेल्यांनी."

"ताई," काकू म्हणाली, "दादासाहेबांचं जळू दे. आपले बाबा काय म्हणाले, ते सांग."

 ताई बोलली, ती अगदी हळू.

"तिला बोलावू नकोस म्हणाले. म्हणाले, ती आली की मला बघून रडेल, आणि ती रडली की मला कळेल. ती नाही आली तर वाटतं, एवढं काही झालेलं नाही, रविवारी येईल नेहमीसारखी. शपथ घातली गं मला. आणि मग खरा रविवार होऊन गेला तरी रोज विचारायचे, रविवार कधी आहे. मी रोज सांगायची, उद्या."

काकूला खुर्ची सापडेना. ती तशीच खाली, चिंध्यांच्या ढिगावर बसली.

"हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू दारात म्हणालीस, 'शेवटी त्यांना मी हवी असेन आणि तू मला येऊ दिलं नाहीस.' मग त्यांनीच नको म्हटलं होतं, हे कुठल्या तोंडानं सांगू? मला वाटलं, त्यांच्यावर रागावण्यापेक्षा ही माझ्यावर रागावलेली बरी."

काकू रडायला लागली. मोठ्यानं, लाज न बाळगता, वीस वर्षांचं एकदम. मंडळींची धावपळ उडाली. औषधवाल्यानं पाणी आणलं आणि नाडी धरली. "असं मनाला लावून घेऊ नका हो," मोजणीदार तिच्यासमोर उकिडवे बसून म्हणाले. "उद्यापासून दुसरी मालिका आहे ना. मी जाहिरात पाहिली. त्या घराला मोरी आहे."

काकूनं हातानं त्यांना गप्प केलं. पलीकडे ताईही रडत होती, ते ऐकू येत होतं. थोड्या वेळानं काकूनं नाक पुसलं.

"उद्या आठ वाजता काय करणार आहेस?"

"काही नाही. आता काय करायचंय आठ वाजता?"

"मग ये इकडे."

"येईन," ताई म्हणाली, आणि थांबली. तिचा आवाज घाबरल्यासारखा झाला. "पण आता बोलायचं कशाबद्दल गं?"

"एकोणीस वर्षांचं साचलंय की," काकू म्हणाली. "पहिल्यापासून सांग. कोण आजारी पडलं, कोण जन्मलं, सगळं. आणि मध्ये जाहिराती नकोत."